रोजची इटालियन: 'ओ' की 'सोनो', 'ची' आणि 'ने', आणि वाक्प्रचार कसे पक्के करायचे?

निळी शाई

इटालियनची ए-२ (प्राथमिक) पातळी पूर्ण झाली आहे. पुस्तकातले स्वाध्याय बरोबर येतात, पण बोलताना ठरावीक जागी अडतं. त्या जागा अशा:

१. भूतकाळात सहायक म्हणून 'आवेरे' (जवळ असणे; 'मी'चं रूप 'ओ') लावायचं की 'एस्सेरे' (असणे; 'मी'चं रूप 'सोनो')? "हालचालीच्या क्रियापदांना एस्सेरे" हा नियम पाठ आहे. मग 'काम्मिनारे' (चालणे) ही हालचाल नाही का? तिथे 'ओ काम्मिनातो' का होतं?

२. पास्सातो प्रोस्सिमो ('गेलो'चा भूतकाळ) आणि इम्पेर्फेत्तो ('जात होतो'चा). इंग्रजीतून दिलेलं स्पष्टीकरण वाचताना पटतं, वाक्य तोंडातून काढायच्या वेळी मात्र उपयोगी पडत नाही.

३. 'ची' आणि 'ने' हे इटालियनमधले छोटे शब्द, जे आधी आलेल्या गोष्टीच्या जागी येतात. ऐकताना अर्थ लागतो, स्वतः बोलताना ते गळतात.

४. वाक्प्रचारांच्या याद्या पाठ केल्या. त्यांतले फारसे कधी कानावर पडत नाहीत, आणि जे सारखे ऐकू येतात ('मागारी', 'आन्त्सी', 'मीका') ते यादीत नसतात.

व्याकरणाचा नियम थोडक्यात सांगितला तरी चालेल, पण बोलताना पटकन लावता येईल अशी कसोटी हवी आहे.

---

दुहेरी व्यंजन

निळी शाई, पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे: इटालियन इंग्रजीच्या खिडकीतून बघणं. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही, 'जायचो' आणि 'गेलो' यांत रूपाचा ठाम फरक नाही, म्हणून तिथे लांबलचक नियम करावे लागतात. मराठीत या दोन्ही गोष्टी आधीच आहेत. कसोटी मराठीतूनच लावा.

एस्सेरे की आवेरे. मराठी भूतकाळात दोन गट आहेत. 'तो गेला, ती गेली, ते गेले' इथे क्रियापद कर्त्यामागे जातं. 'त्याने पत्र लिहिलं, तिने पत्र लिहिलं' इथे कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्त्याकडे बघतही नाही. इटालियनमध्येही हीच विभागणी आहे. पहिला गट एस्सेरेचा: 'ए आन्दातो' (तो गेला), 'ए आन्दाता' (ती गेली), 'सोनो आन्दाती' (ते गेले), 'सोनो आन्दाते' (त्या गेल्या). दुसरा गट आवेरेचा: 'आ स्क्रीत्तो', लिहिणारा पुरुष असो की स्त्री.

म्हणून वाक्य मनात तृतीय पुरुषात आणा. 'तो' राहतो की 'त्याने' होतो? 'त्याने' झालं तर आवेरे (अपवाद आत्मवाचक क्रियापदांचा, ती खाली येतील). 'तो' राहिला तर बहुतेक वेळा एस्सेरे: आला, पोचला, निघाला, परतला, राहिला, जन्मला, मेला, झाला (वेनूतो, आर्रिवातो, पार्तीतो, तोर्नातो, रिमास्तो, नातो, मोर्तो, दिवेन्तातो).

या कसोटीचा खरा फायदा दोन्ही बाजूंना जाणाऱ्या क्रियापदांत होतो. 'फिनीरे' घ्या. 'ओ फिनीतो इल लावोरो' म्हणजे मी काम संपवलं. 'इल फिल्म ए फिनीतो' म्हणजे चित्रपट संपला. संपवलं म्हटलं की आवेरे, संपला म्हटलं की एस्सेरे. 'कोमिन्चारे'चंही तसंच: सुरू केलं तर 'ओ कोमिन्चातो', सुरू झालं तर 'ए कोमिन्चातो'. इंग्रजीत दोन्हीकडे एकच क्रियापद येतं, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे पाठांतर करावं लागतं.

आत्मवाचक क्रियापदांना नेहमी एस्सेरे: 'मी सोनो आल्त्साता' (मी उठले), 'मी सोनो लावातो ले मानी' (मी हात धुतले, पुरुष बोलतोय). 'प्याचेरे'लाही एस्सेरेच, कारण 'मी प्याचे' ही रचना थेट 'मला आवडतं' आहे. आवडणारी वस्तू कर्ता असते, म्हणून एक वस्तू असेल तर 'मी प्याचे', अनेक असतील तर 'मी प्याच्चोनो', आणि भूतकाळात 'मी ए प्याचूता ला चित्ता' (मला ते शहर आवडलं, 'चित्ता' स्त्रीलिंगी आहे).

इम्पेर्फेत्तो. मराठीची 'जायचो' आणि 'जात होतो' ही दोन्ही रूपं इटालियनमध्ये 'आन्दावो' होतात. 'गेलो' आणि 'गेलोय' ही दोन्ही 'सोनो आन्दातो' होतात. 'मी वाचत होतो तेव्हा फोन वाजला' म्हणजे 'लेज्जेवो क्वान्दो आ स्क्विल्लातो इल तेलेफोनो'. मराठी वाक्यात 'वाचत होतो' आणि 'वाजला' अशी दोन वेगळी रूपं आपण विचार न करता वापरतो, तीच पुढे न्यायची.

ज्या क्रियापदांचा अर्थ काळाप्रमाणे बदलतो ती इंग्रजी पुस्तकांत वेगळ्या चौकटीत देतात. मराठीत त्यांना सरळ वेगळे शब्द आहेत:

'सापेवो' = मला माहीत होतं; 'ओ सापूतो' = मला कळलं.
'कोनोशेवो' = मी ओळखत होतो; 'ओ कोनोश्यूतो' = माझी ओळख झाली.
'दोवेवो लावोरारे' = मला काम करायचं होतं (केलं की नाही ते सांगितलेलं नाही); 'ओ दोवूतो लावोरारे' = मला काम करावं लागलं (म्हणजे केलं).

'वोलेवो क्येदेरे उना कोसा' हे तर शब्दशः 'मला एक विचारायचं होतं' आहे. तीच नम्रता, त्यासाठी भूतकाळाचा तोच वापर.

रूपं बनवणं सोपं आहे: -वो, -वी, -वा, -वामो, -वाते, -वानो. रोजच्या वापरात वेगळी मुळं चारच: 'एरो' (होतो), 'फाचेवो', 'दिचेवो', 'बेवेवो'.

आणखी एक जागा, जिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. भविष्यकाळाने अंदाज सांगणं. 'सारान्नो ले ओत्तो' म्हणजे 'आठ वाजले असतील'. 'सारा आ कासा', घरी असेल. 'आव्रा मान्जातो', त्याने खाल्लं असेल. यासाठी 'फोर्से' किंवा 'प्रोबाबिल्मेन्ते' शोधत बसू नका, 'असेल'चा भविष्यकाळ जसाच्या तसा वापरा. इटालियन माणूसही तेच करतो.

---

पायवाट

वरचं उत्तर पटलं. पण मराठीची कसोटी जिथे फसवते त्या जागाही आत्ताच सांगायला हव्यात, नाहीतर चूक आत्मविश्वासाने होईल.

पहिली: झोपणे, हसणे, रडणे, चालणे, बोलणे, नाचणे, पोहणे. मराठीत 'ती झोपली, ती हसली', म्हणजे कसोटीने एस्सेरे यायला हवं. इटालियनमध्ये मात्र 'आ दोर्मीतो, आ रीसो, आ प्यान्तो, आ काम्मिनातो, आ पार्लातो, आ बाल्लातो, आ नुओतातो'. इथे कर्ता काहीतरी *करतो*, पण कुठून कुठे *पोचत* नाही आणि त्याची स्थिती बदलत नाही. 'काम्मिनारे'त चालण्याची क्रिया आहे, ठिकाण नाही. 'आन्दारे'त ठिकाण आहे. 'व्याज्जारे' (प्रवास करणे) सुद्धा म्हणूनच आवेरे घेतं. 'शिकली' आणि 'विसरली' यांतही 'तिने' येत नाही, पण त्यांना कर्म आहे, म्हणून 'आ इंपारातो', 'आ दिमेन्तिकातो'. ही नऊ-दहा क्रियापदं अपवाद म्हणून पाठ केली की बोलण्यापुरती कसोटी पुरते.

दुसरी: कर्माशी जुळवणं. मराठीत 'मी चिठ्ठी लिहिली', 'मी पत्र लिहिलं'. तीच सवय लागून 'ओ स्क्रीत्ता ला लेत्तेरा' असं निघतं. ते चूक. कर्म मागाहून येत असेल तर 'ओ स्क्रीत्तो ला लेत्तेरा', रूप बदलत नाही. पण कर्माच्या जागी सर्वनाम येऊन ते क्रियापदाच्या *आधी* बसलं की मराठीसारखंच जुळतं आणि ते सक्तीचं आहे: 'लो स्क्रीत्ता' ('ला' आणि 'ओ' मिळून 'लो'; ती लिहिली), 'ली ओ विस्ती' (त्यांना पाहिलं), 'ले ओ कोंप्राते' (त्या विकत घेतल्या).

तिसरी: ठरावीक मुदत. 'मी तीन तास वाचत होतो' हे मराठीत बिनचूक आहे, पण 'लेज्जेवो पेर त्रे ओरे' नको. मुदत मोजलेली आणि संपलेली असेल तर 'ओ लेत्तो पेर त्रे ओरे'. अजून चालू असेल तर मराठीप्रमाणेच वर्तमानकाळ: 'स्तूद्यो इताल्यानो दा दुए आन्नी', दोन वर्षांपासून शिकतोय.

चौथी आणि सर्वांत चिवट: 'ला'. मराठीत 'त्याला पाहिलं' आणि 'त्याला दिलं' दोन्हीकडे 'त्याला'. इटालियनमध्ये पहिलं 'लो' आणि दुसरं 'ल्यी'. चाचणी अशी: माणसाच्या जागी निर्जीव वस्तू ठेवा. 'मी घर पाहिलं', 'ला' गळला, म्हणून 'लो विस्तो' ('लो' आणि 'ओ' मिळून). 'मी शाळेला पुस्तकं दिली', 'ला' टिकला, म्हणून 'ल्यी ओ दातो'. चाचणी न लागणारी मोजकी क्रियापदं अशी: 'आयुतारे' (मदत करणे), 'आस्पेत्तारे' (वाट पाहणे), 'आस्कोल्तारे' (ऐकणे), 'रिंग्रात्स्यारे' (आभार मानणे) यांना थेट कर्म, म्हणजे 'लो आयूतो', 'लो आस्पेत्तो'. 'तेलेफोनारे', 'क्येदेरे', 'रिस्पोन्देरे' यांना 'आ' ('ला'), म्हणजे 'ल्यी तेलेफोनो'. इंग्रजीच्या वळणाने 'आस्पेत्तो पेर' म्हणू नका.

पाचवी: 'मला भूक लागली, तहान लागली, झोप येते, थंडी वाजते, भीती वाटते'. इथे 'मी प्याचे'सारखी रचना करण्याचा मोह होतो, पण ही सगळी 'ओ'ची वाक्यं आहेत: 'ओ फामे, ओ सेते, ओ सोन्नो, ओ फ्रेद्दो, ओ पाउरा'. घाई आहे म्हणजे 'ओ फ्रेत्ता'. उलट डोकं दुखणं मात्र 'मी'चं: 'मी फा माले ला तेस्ता'; पाय दुखत असतील तर 'मी फान्नो माले इ प्येदी'.

आणि 'मला पोहता येतं' म्हणजे 'सो नुओतारे'. 'येतं' असेल तिथे सापेरे, 'शकतो' असेल तिथे पोतेरे. 'पोस्सो नुओतारे' म्हणजे पोहायला परवानगी किंवा सोय आहे.

---

मधली ओळ

तिसऱ्या अडचणीबद्दल. 'ची' आणि 'ने' यांची व्याख्या सोडून द्या. कोणत्या शब्दयोगी अव्ययाच्या जागी ते येतात एवढंच बघा. 'आ' किंवा 'इन' घेणारा तुकडा गाळला की 'ची'. 'दी' घेणारा तुकडा किंवा मोजलेली वस्तू गाळली की 'ने'.

'वादो आ रोमा' चं 'ची वादो' (तिथे जातो). 'पेन्सो आल लावोरो' चं 'ची पेन्सो' (त्याचा विचार करतो). 'पार्लो देल फिल्म' चं 'ने पार्लो' (त्याबद्दल बोलतो). 'पेन्सारे' दोन्ही घेतं आणि अर्थ बदलतो: 'ची पेन्सी?' म्हणजे त्याचा विचार करतोस का, 'के ने पेन्सी?' म्हणजे त्याबद्दल तुझं मत काय. 'ची पेन्सो इओ' हे वेगळंच, म्हणजे 'ते मी बघतो, तू काळजी करू नकोस'.

'ने' सर्वांत जास्त गळतं ते आकड्यासोबत. 'क्वान्ती ने वुओई?' 'ने वोल्यो त्रे.' मराठीत 'तीन हवेत' एवढ्याने भागतं, म्हणून 'वोल्यो त्रे' असं अर्धवट वाक्य निघतं. उपाय: वस्तूचं नाव न घेता नुसती संख्या किंवा 'थोडे, खूप, एकही नाही' आलं की आधी 'ने' म्हणायचं, मग क्रियापद, मग संख्या. 'ने ओ मोल्ती', 'नोन ने ओ नेस्सूनो'. 'ची' आणि 'ने' एकत्र आले की 'चे ने': 'चे ने सोनो दुए', दोन आहेत.

वेळ सांगणं इथेच शिकून घ्या. 'ची वुओले उनोरा' म्हणजे एक तास लागतो. 'ची वोल्योनो दुए ओरे', दोन तास लागतात. 'लागतो, लागतात' जसं बदलतं तसंच ते बदलतं. नेमका कुणाला वेळ लागतो ते सांगायचं तर 'ची मेत्तो दुए ओरे', मला दोन तास लागतात. भूतकाळात दोन्ही वेगळे पडतात: 'ची सोनो वोलूते दुए ओरे', पण 'ची ओ मेस्सो दुए ओरे'.

याउलट खालचे गठ्ठे तुकडे करून समजत नाहीत. त्यांतल्या 'ला'ला आज स्वतंत्र अर्थ उरलेला नाही. अख्खं वाक्य एक शब्द समजून पाठ करा:

'चे ला फाच्चो' – मला जमेल, झेपेल. 'नोन चे ला फाच्चो प्यू' – आता अजिबात होत नाही माझ्याकडून.
'मे ला कावो' – निभावून नेतो. भाषा कितपत येते असं कुणी विचारलं तर हेच योग्य उत्तर.
'नोन ते ला प्रेन्देरे' – मनाला लावून घेऊ नकोस.
'चे लाइ कोन मे?' – माझ्यावर रागावलायस का?
'नोन मे ला सेन्तो' – मनाची तयारी होत नाही.
'मे ने वादो' – मी निघतो इथून.
'स्मेत्तीला!' – पुरे कर.

यांतल्या 'ला' असलेल्या गठ्ठ्यांच्या भूतकाळात शेवटी 'आ' येतो, कारण तो 'ला' आधी बसलेला आहे: 'चे लो फात्ता' (जमलं मला), 'मे ला सोनो कावाता', 'से ले प्रेसा'. पुरुष बोलत असला तरी 'कावाता'च. वर पायवाट यांनी 'लो स्क्रीत्ता'चा जो नियम दिला तोच इथे लागू होतो, एवढंच की 'ला' कोण आहे हे विचारायचं नाही.

'चे लो' म्हणजे 'आहे माझ्याकडे'. तिकीट आहे का, किल्ली आहे का, या प्रश्नांना नुसतं 'लो' असं उत्तर कुणी देत नाही.

---

निळी शाई

'संपवलं/संपला' आणि 'घर पाहिलं/शाळेला दिली' या दोन चाचण्या लगेच वापरता येण्यासारख्या आहेत. एक शंका: 'पेन्सो के सीआ' मधला कोंज्युन्तीवो (मत, शंका सांगताना येणारं क्रियापदाचं रूप) रोजच्या बोलण्यासाठी आत्ताच शिकावा का? आणि चौथ्या मुद्द्याबद्दल कुणी सांगेल का?

---

दुहेरी व्यंजन

कोंज्युन्तीवोची वर्तमानातली आठ-दहा रूपं आत्ताच घ्या: सीआ, आब्ब्या, फाच्चा, वादा, वेन्गा, स्तीआ, पोस्सा, देब्बा, वोल्या, साप्प्या. मराठीतला 'असावा' तिथे बरोबर बसतो. 'मला वाटतं तो आजारी असावा' म्हणजे 'पेन्सो के सीआ मालातो'. बोलताना लोक 'पेन्सो के ए' असंही म्हणतात, लेखनात आणि परीक्षेत ते चुकीचं धरतात. शिवाय ही रूपं शिकली की 'लेई'ला (आदराचं 'तुम्ही') आदराने करायच्या विनंत्या आपोआप येतात, कारण ती तीच आहेत: 'वेन्गा' (या), 'आब्ब्या पात्स्येन्त्सा' (जरा धीर धरा). '-आरे' क्रियापदांत 'तू'चं 'स्कूसा' आणि आदराचं 'स्कूसी', 'आस्पेत्ता' आणि 'आस्पेत्ती'. इथे मराठी सवयीने उलटं वाटतं, कारण 'आ' आदराचा वाटतो. 'सेन्तीरे'त ते फिरतं: 'सेन्ती' तूचं, 'सेन्ता' आदराचं.

'तू'ला नकार देताना मूळ रूप वापरा: 'नोन तोक्कारे', 'नोन फारे'. आणि 'चाओ' फक्त 'तू'च्या माणसाला. खात्री नसेल तर 'साल्वे' किंवा 'बुओन्जोर्नो'.

---

अळीमिळी

चौथ्या मुद्द्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. 'मागारी', 'आन्त्सी' हे वाक्प्रचार नाहीत, ते बोलण्याचे सांधे आहेत. ते दर मिनिटाला लागतात, म्हणून आधी तेच.

'आन्त्सी' म्हणजे आपलं 'नव्हे'. 'वेन्गो लुनेदी, आन्त्सी मार्तेदी': सोमवारी येतो, नव्हे, मंगळवारी. स्वतःचं वाक्य दुरुस्त करताना वाक्य मध्येच सोडून पुन्हा सुरुवात करण्याऐवजी हा शब्द वापरला की बोलणं एकदम सराईत वाटतं. त्याचा दुसरा अर्थ 'उलट'.

'मीका' म्हणजे 'थोडंच'. 'नोन ए मीका फाचिले': सोपं थोडंच आहे? प्रश्नात आला तर 'तर नाही ना': 'नोन साराइ मीका आर्राब्ब्यातो?', रागावला तर नाहीस ना? आणि 'मीका माले' ही दाद आहे, 'छान आहे की!'

'मागारी' एकटा आला तर 'तसं झालं तर काय हवं!', आणि बहुधा ते होणार नाही असं त्यात असतं. पुढे काही आलं तर 'कदाचित, बघू': 'मागारी दोमानी'. निमंत्रणाला नुसतं 'मागारी!' म्हटलं तर समोरच्याला 'इच्छा आहे पण जमणार नाही' असंही वाटू शकतं. स्पष्ट होकार द्यायचा असेल तर 'वोलेन्त्येरी' म्हणा.

'ओर्माइ' म्हणजे 'एव्हाना' किंवा 'आता काय'. 'ओर्माइ सारा आर्रिवातो', एव्हाना पोचला असेल. 'ओर्माइ ए तार्दी', आता काय, उशीर झाला.

'इन्फात्ती' म्हणजे 'हो ना, तेच तर'. समोरच्याचं म्हणणं उचलून धरायला तो येतो. 'खरं तर...' असं म्हणून वेगळं काही सांगायचं असेल तर 'इन रेआल्ता'. इथे जवळपास प्रत्येक जण चुकतो, आणि चुकल्यावर अर्थ उलटा होतो.

'फीगूराती' (आघात 'गू'वर) म्हणजे 'त्यात काय एवढं', आभारांना उत्तर. आदराने 'सी फीगूरी'. 'मी राक्कोमान्दो' म्हणजे 'बघ हं, नक्की'. 'मेनो माले' म्हणजे 'बरं झालं बाई'.

आता खरे वाक्प्रचार. त्यांचं शब्दशः भाषांतर पाठ करू नका, मराठीतला जोडीदार शोधा आणि दोघांत फरक कुठे आहे तो लिहून ठेवा. 'आ ओन्यी मोर्ते दी पापा' (पोप मरेल तेव्हा) म्हणजे 'सटीसहामाशी', जोडी पूर्ण जुळते. 'आक्क्वा इन बोक्का' (तोंडात पाणी) म्हणजे 'अळीमिळी गुपचिळी', गुपित सांगून झाल्यावर म्हणायचं. 'एस्सेरे आल वेर्दे' म्हणजे खिशात खडखडाट. 'इन क्वात्त्रो ए क्वात्त्रोत्तो' म्हणजे 'चुटकीसरशी'. 'प्रेन्देरे इन जीरो' म्हणजे फिरकी घेणे, आणि 'जीरो'त फिरणं आहेच.

काही जोड्या अर्ध्याच जुळतात. 'नोन आवेरे पेली सुल्ला लिंग्वा' (जिभेवर केस नसणे) हे 'जिभेला हाड नसणे'सारखं दिसतं, पण मराठीत तो ठपका आहे आणि इटालियनमध्ये बऱ्याचदा कौतुक: परखड माणूस. 'प्योवे सुल बान्यातो' (भिजल्यावर पाऊस) 'दुष्काळात तेरावा महिना'साठी चालतं, मात्र आधीच श्रीमंत असलेल्याला आणखी पैसा मिळाला तरी तेच म्हणतात. मराठी म्हणीला ही दुसरी बाजू नाही.

'नोन वेदो लोरा दी' म्हणजे 'कधी एकदा... असं झालंय'. पुढे मूळ रूप: 'नोन वेदो लोरा दी पार्तीरे'. 'नोन पोस्सो आस्पेत्तारे' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं की तुम्हाला थांबायला वेळ नाही. परीक्षेआधी 'इन बोक्का आल लूपो' म्हटलं की 'क्रेपी!' असं उत्तर देण्याची रीत आहे, 'ग्रात्स्ये' नाही. हल्ली काही जण 'वीवा इल लूपो' म्हणतात.

---

पायवाट

शब्दसंग्रहाबद्दल थोडं, कारण वरचं सगळं त्यावरच उभं राहतं. इटालियन भाषाशास्त्रज्ञ तुल्यो दे माउरो यांनी १९८० साली इटालियनचा मूलभूत शब्दसंग्रह प्रसिद्ध केला आणि २०१६ साली त्याची नवी आवृत्ती आली. त्यातले सुमारे २,००० 'फोन्दामेन्ताले' शब्द सर्वसाधारण मजकुराचा जवळजवळ ८६ टक्के भाग व्यापतात. ती यादी जालावर मोफत मिळते. ए-२ नंतर विषयवार याद्या करण्यापेक्षा त्या २,००० मधले न येणारे शब्द वेगळे काढा. रोज १० पुरेत. २५-३० घेतले तर तिसऱ्या आठवड्यात उजळणीचाच ढीग होतो आणि सगळं सुटतं.

उजळणीच्या कार्डावर एकटा शब्द कधीही लिहू नका. नाम असेल तर उपपद आणि अनेकवचन: 'ला मानो, ले मानी', 'इल प्रोब्लेमा, इ प्रोब्लेमी', 'इल दीतो, ले दीता' (एकवचनी पुल्लिंगी, अनेकवचनी स्त्रीलिंगी, 'ब्राच्चो' आणि 'उओवो' तसेच). मराठीत उपपद नसल्यामुळे ते नंतर चिकटवता येत नाही, शब्दाबरोबरच पाठ व्हावं लागतं. क्रियापद असेल तर सोबतचं अव्यय: 'कोमिन्चारे आ', 'प्रोवारे आ', पण 'फिनीरे दी', 'चेर्कारे दी', 'स्मेत्तेरे दी'. यामागे कारण शोधू नका, सापडत नाही.

उच्चारात त, द आणि र आपल्याला आयते मिळाले आहेत. 'त्स'सुद्धा: तो 'चूल'मधला च आहे, आणि 'चार'मधला च म्हणजे त्यांचा 'ची, चे'मधला. जोडव्यंजन मात्र प्रामाणिकपणे लांबवा. 'कला' आणि 'कल्ला', 'सखा' आणि 'सख्खा' यांत आपण जेवढा फरक करतो तेवढाच 'सेते' (तहान) आणि 'सेत्ते' (सात), 'कापेल्लो' (केस) आणि 'काप्पेल्लो' (टोपी) यांत हवा. 'ओ त्रेन्तान्नी' (मी तीस वर्षांचा आहे) म्हणताना 'न्न' एकेरी झाला तर 'वर्ष'चं 'गुदद्वार' होतं, म्हणून हे वाक्य आधी पक्कं करा.

दुसरी नेहमीची चूक आघाताची. अनेकवचनी तृतीय पुरुषात आघात मागे सरकतो: 'पार्लानो' मध्ये 'पा'वर, 'आबितानो' मध्ये पहिल्या 'आ'वर, 'तेलेफोनानो' मध्ये 'ले'वर. 'पार्ल्यामो' मध्ये तो 'ल्या'वर, म्हणजे दुसऱ्या अक्षरावर असतो म्हणून 'पार्लानो'तही तिथेच दिला जातो.

ऐकण्यासाठी ३० ते ४० सेकंदांचा तुकडा घ्या, मोठा नको. दोनदा नुसता ऐका, मग लिहून काढा, मग मजकुराशी ताडून पाहा. सुटलेले शब्द बहुतेक 'ची', 'ने', 'लो', 'चे' हेच निघतील; त्यांच्याखाली रेघ मारा आणि तुकडा निवेदकाबरोबर पाच-सहा वेळा म्हणा. यासाठी मूळ इटालियन कार्यक्रमच निवडा. परभाषेतून इटालियनमध्ये डब केलेल्या मालिकांत बोललेले संवाद आणि खालची इटालियन अक्षरं बऱ्याचदा वेगवेगळी असतात, कारण दोन्ही भाषांतरं स्वतंत्र केलेली असतात. मग ताडून पाहायला काही उरत नाही.

---

मधली ओळ

पायवाट यांच्या कार्डाला एक जोड. क्रियापदाच्या कार्डावर मूळ रूपाऐवजी भूतकाळातलं अख्खं वाक्य लिहा: 'सोनो रिमास्ता आ कासा', 'ओ प्रेसो इल त्रेनो', 'आ रिस्पोस्तो सूबितो', 'ओ क्यूसो ला पोर्ता'. सहायक क्रियापद, अनियमित रूप आणि उपपद एकाच वेळी पाठ होतात. -एरे गटातच अनियमित रूपं सर्वांत जास्त आहेत (मेस्सो, लेत्तो, विस्तो, पेर्सो, शेल्तो, रोत्तो), तेव्हा सुरुवात तिथून करा. -आरे गटात 'फात्तो' सोडला तर काळजी करण्यासारखं काही नाही.